दाराशेजारची दीड फूट जागा

तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये मधोमध एक दार उभं होतं. भिंत नव्हती, नुसतं दार. चौकट, बिजागऱ्या, पितळेची गोल मूठ, सगळं साग्रसंगीत. दाराच्या अलीकडे जो पॅसेज होता तोच पलीकडेही होता. डाव्या अंगाला दीड फूट जागा मोकळी होती आणि तिथून कुठलाही सडपातळ माणूस, किंवा पोट आत ओढलेला कुठलाही जाड माणूस, सहज जाऊ शकला असता. पण जात कोणी नसे. येणारा मूठ फिरवी, दार उघडी, पलीकडे जाई आणि मागे वळून दार नीट लावून घेई. बाजूने गेलं तर सरांना वाईट वाटतं, एवढंच कारण होतं आणि ते पुरेसं होतं.

दार सरांच्या शोधाचं होतं. आपल्या रक्तात जंतूंशी मारामारी करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांना लढायला साखर लागते. साखर काही पेशीत आपोआप झिरपत नाही. पेशीच्या पातळ कातडीत प्रथिनांची बारीक दारं बसवलेली असतात, ती एकेक कण आत घेतात. पेशी निवांत असली की दोन घासांवर भागवते. लढायला उठली की मात्र आठवडाभराच्या उपाशी पाहुण्यासारखी ताटावर तुटून पडते. बारा वर्षांपूर्वी सरांनी जाहीर केलं, की लढाऊ पेशीत साखर शिरते ती एकाच प्रकारच्या दारातून. ते दार लावून घेणारं औषधही त्यांनीच काढलं. दार लावा, पेशी उपाशी, मारामारी बंद. ज्यांच्या पेशी जंतू सोडून मालकाच्याच सांध्यांवर उठतात, अशा लोकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती. सरांचं नाव झालं, आणि पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांनी त्यांना सत्काराला हे खरंखुरं दार भेट दिलं. शाल दिली असती तर पॅसेज मोकळा राहिला असता.

या प्रयोगशाळेत पाचव्या वर्षाला एक मुलगी होती. तिला सगळे बारकी म्हणत. तिचं कागदोपत्री नाव फक्त कागदांना माहीत होतं. कामाच्या टेबलाशी ती स्टुलावर उभी राही, कारण टेबलं बनवणाऱ्याने तिचा विचार केला नव्हता.

तिचं काम साखर मोजायचं. रक्तातून पेशी वेगळ्या काढायच्या. तीन दिवस चिथवून त्यांना लढाईच्या रागात आणायचं. मग तासभर उपाशी ठेवायचं, आणि मग खुणेची साखर द्यायची. ही साखर किंचित किरणोत्सारी असते. पेशीत शिरते पण पचत नाही, आतच अडकून बसते. पाच मिनिटांनी बर्फगार पाणी ओतायचं. गारठ्याने दारं जागच्या जागी थिजतात, साखरेची आवक थांबते. पेशी धुवायच्या, मशीनमध्ये ठेवायच्या, की मशीन आकडा सांगतं : इतकी साखर आत गेली.

हे सगळं कसं करायचं ते भिंतीवरच्या कार्डावर होतं. सरांचं हस्ताक्षर, वरून प्लास्टिक, अकरा पायऱ्या. सहावी पायरी अशी : औषध घातलेल्या नळ्या बर्फात ठेवाव्यात, दहा मिनिटं हलवत राहावं आणि बर्फातच साखर द्यावी, कारण औषध उष्णतेने बिघडतं. बिनऔषधाच्या नळ्या कोमट पाण्यात ठेवाव्यात. अकरावी पायरी अशी : गार पाणी ओतून साखरेची आवक थांबवावी.

सहाव्या पायरीची आणि अकराव्या पायरीची बारा वर्षांत एकदाही गाठ पडली नव्हती. अठ्ठावीस विद्यार्थ्यांनी ते कार्ड वाचलं होतं आणि अठ्ठावीस जणांनी मुकाट्याने बर्फ आणला होता. बाहेरच्या दोन प्रयोगशाळांना हा प्रयोग जमेना, तेव्हा सरांनी त्यांना कार्डाची प्रत पाठवली. मग त्यांनाही जमला.

गेल्या वर्षी बर्फाचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणाला आणि तो उद्या नऊ दिवसांनी उजाडला. त्या नऊ दिवसांत बारकीने गार पाण्याचं फ्रीजवर भागवलं आणि औषधाच्या नळ्याही कोमट पाण्यातच ठेवल्या. साखर धो धो आत गेली. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. औषध बिघडलं असेल म्हणून तिने ते तासभर कोमट ठेवून तपासून घेतलं. औषध ठणठणीत होतं. मग बर्फाचं मशीन दुरुस्त झाल्यावर तिने एक आगाऊपणा केला. औषध न घालता नुसतीच नळी बर्फात ठेवली. साखर बाहेरच राहिली.

तिने हे अकरा वेळा केलं. अकराही वेळा तेच. म्हणजे एक दार औषधाने लागलंही असेल, पण पेशीला दुसरीही वाट होती. बारा वर्षं साखर अडवत होता तो बर्फ.

ते अकरा प्रयोग तिच्या प्रबंधाच्या सत्त्याऐंशी नंबरच्या पानावर होते.

शनिवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाळ," सर म्हणाले. सर कोणावर रागावत नसत. ते फक्त बाळ म्हणत, आणि समोरच्याचं वय आपोआप चार वर्षांवर येई. "प्रबंध सुरेख झालाय. एकशे चाळीस पानं. त्यातलं एक काढलंस की आणखी सुरेख होईल."

"कुठलं, सर?"

"तुला माहीत आहे कुठलं."

"सत्त्याऐंशी."

"बघ. माहीत आहे."

"सर, ते काढलं तर उरलेली एकशे एकोणचाळीस कशाला ठेवायची? ती सगळी त्या पानापर्यंत जायची वाट आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हात कच्चा असला की असे आकडे येतात."

"अकरा वेळा?"

"कच्चेपणातही सातत्य असतं, बाळ."

बारकी यावर हसली असती, पण वाक्य तिच्यावरच होतं.

"गुरुवारी तुझी परीक्षा," सर म्हणाले. "बाहेरच्या परीक्षक येणार आहेत, कडक बाई आहेत. ते पान प्रबंधात असेल तर माझी सही त्यावर नसेल. सही नसेल तर पदवी नसेल. आणि त्यापुढच्या सोमवारपासून पहिल्या बारा रुग्णांना औषध सुरू होतंय, तेव्हा या आठवड्यात मला पॅसेजमध्ये कुजबूज नकोय. जा आता. दार लावून घे."

केबिनचं दार तिने लावून घेतलं. मग पॅसेजमधलंही उघडून लावून घेतलं. बारा रुग्णांची यादी तिला पाठ होती. सातव्या नंबरवर तिची आत्या होती.

आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, आणि बारकीला वाढवलं ते तिनेच. तीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले. कोटाला काज करावं तर तिने, असं गिऱ्हाईक म्हणायचं. आता बोटांचे सांधे सुजून लिंबाएवढे झाले होते. सुई हातात धरली की सुईला दया येई. पण जिभेला सूज आलेली नव्हती.

"मला काय ते एकदा सरळ सांग," आत्या चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून म्हणाली. "पाच वर्षं साखर मोजतेयस आणि माझ्या चहात अजून अंदाजाने घालतेस, ते मी सोडून दिलं. पण त्या औषधाने माझी बोटं बरी होणार की नाही?"

"नाही होणार."

"असं एकदम?"

"तूच म्हणालीस सरळ सांग."

आत्याने एक घोट घेतला. "मग सर का देतात?"

"त्यांना खरंच वाटतं की ते चालतं. म्हणजे त्यांनी कधी बर्फाशिवाय करून बघितलंच नाही."

"आणि तू बघितलंस."

"बघितलं. पण ते पान काढ म्हणतात. नाही काढलं तर पाच वर्षं पाण्यात." बारकीने ओट्याला टेकून डोळे चोळले. "आत्या, खरं सांगू? मी काढायचं ठरवत होते. पदवी घ्यावी, मग बाहेर पडून बोंब मारावी. तुला त्या सोमवारच्या आधी सांगितलं असतं, जाऊ नको म्हणून."

"आणि बाकीच्या अकरांना कोण सांगणार? त्यांच्या आत्या?"

बारकी ओट्यापासून दूर झाली आणि आत्यासमोर येऊन बसली.

"तुला ते मागचं आठवतं?" आत्या म्हणाली. "तिथे पहिल्यांदा रक्त तपासायला आले होते तेव्हाचं. ते येडपट दार. ती गोल मूठ काही या बोटांना फिरेना. म्हणून मी बाजूच्या फटीतून आले. तर तिथला एक माणूस काय म्हणतो, मावशी, परत जा आणि दारातून या. मी गेले गं परत! त्यानेच मूठ फिरवली, मी आत आले, आणि वर त्याला थँक्यू म्हटलं." तिने कप खाली ठेवला. "त्या थँक्यूचा मला अजून राग येतो. माझंच रक्त घे."

"काय?"

"परीक्षेच्या दिवशी करून दाखव सगळ्यांसमोर. माझ्या पेशींवर. औषध माझ्याच अंगात जाणार आहे ना? अभ्यासासाठी रक्त घ्यावं म्हणून मी सही केलीच आहे त्यांच्या कागदावर. वाकडी आली, पण केली."

परीक्षेच्या तीन दिवस आधी, सोमवारी, आत्याचं रक्त घेतलं. नर्सला शीर सापडेना, तेव्हा आत्याने तिला तीन वेळा डावी-उजवी समजावून सांगितली. बारकीने पेशी वेगळ्या केल्या, चिथवल्या आणि कोमट कपाटात ठेवल्या. तीन दिवसांत त्या भडकून दुप्पट झाल्या. आत्याच्याच होत्या, फार चिथवावं लागलं नाही.

गुरुवारी परीक्षक बाई आल्या. बारीक कापलेले पांढरे केस, पायात कापडी बूट, हातात प्रबंध आणि त्यातून बाहेर आलेल्या कागदाच्या असंख्य पट्ट्या. दाराशी त्या थांबल्या. दाराकडे पाहिलं, मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग मूठ फिरवून आल्या. पाहुण्या होत्या.

परीक्षा प्रयोगशाळेतच, मोठ्या टेबलाशी होती. सर, परीक्षक बाई, बारकी आणि कोपऱ्यात काचसामान धुणारे मामा. मामा तिथे एकतीस वर्षं होते. त्यांनी सरांना बारीक असताना पाहिलं होतं.

बाईंनी पंचवीस प्रश्न विचारले. बारकीने पंचवीस उत्तरं दिली, त्यातली दोन "माहीत नाही" अशी होती आणि बाईंना तीच जास्त आवडल्यासारखी दिसली. मग त्यांनी सत्त्याऐंशी नंबरचं पान उघडलं. त्यात तीन पट्ट्या होत्या.

"हे काय आहे?"

"ते पान चुकून राहिलंय, मॅडम," सर हसून म्हणाले. "मी तिला काढायला सांगितलं होतं. पोरीची मेहनत आहे, पण हात कच्चा आहे."

पाच वर्षांत बारकीने सरांचं वाक्य मध्ये तोडलं नव्हतं. आताही तोडलं नाही. ते पुरं होऊ दिलं, पूर्णविरामासाठी जागा सोडली, आणि मग म्हणाली, "मग तुम्ही करा, सर."

"काय?"

"प्रयोग. तुमचा हात पक्का आहे. पेशी तयार आहेत, तासापूर्वीच उपाशी ठेवल्यात. कार्ड भिंतीवर आहे. तुम्ही केलंत आणि माझे आकडे खोटे ठरले, तर ते पान मी इथेच फाडते."

"बाळ, ही परीक्षा आहे, जत्रा नाही."

"मला वेळ आहे," बाई म्हणाल्या आणि घड्याळ काढून पिशवीत टाकलं.

सरांनी नऊ वर्षांत नळीला हात लावला नव्हता. त्यांचा प्रयोगाचा पांढरा कोट भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला होता, शोधाच्या दिवशी अंगात होता म्हणून. दुसरा कोट त्यांना होईना. मामांनी स्क्रू काढले, काच बाजूला ठेवली आणि इतिहास हँगरवरून उतरवला. सरांनी तो घातला. इतिहासाची बटणं लागली नाहीत.

"एकच विनंती," बारकी म्हणाली. "कुठल्या नळीत औषध आहे ते आपल्यापैकी कोणाला माहीत नको. मामा भरतील. निम्म्या बर्फात, निम्म्या कोमट पाण्यात."

"योग्य आहे," बाई म्हणाल्या.

मामा दोन बाटल्या घेऊन शेजारच्या खोलीत गेले. एकीत औषध, दुसरीत ज्यात औषध विरघळवतात ते नुसतंच द्रव. दोन्ही दिसायला पाणी. पाच मिनिटांनी ते चार कुप्या घेऊन आले. प्रत्येकीवर चिठ्ठी : थोरली, मधली, धाकटी, जावई.

"हे काय, मामा?" सर म्हणाले.

"आकडे टाकले तर तुम्ही लोक त्यात अर्थ शोधता," मामा म्हणाले. "थोरली आणि मधली कोमट पाण्यात जायच्या. धाकटी आणि जावई बर्फात. काय कशात आहे ते या कागदावर आहे." त्यांनी कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

सर कामाला लागले. सुरुवातीला हात चाचपडला, मग त्याला जुनं आठवलं, आणि बारकीलाही कबूल करावं लागलं की माणूस एके काळी छान काम करत असणार. चारही कुप्यांतलं द्रव पेशींच्या वेगवेगळ्या चार नळ्यांत गेलं. थोरली आणि मधली कोमट पाण्यात डुंबत बसल्या. धाकटी आणि जावई बर्फाच्या ट्रेमध्ये. कार्डावर "हलवत राहावं" लिहिलं होतं, म्हणून सर हलवत राहिले. पातळ हातमोजे, दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फात, पूर्ण दहा मिनिटं. बारकी "मी धरू का, सर?" म्हणाली. सर म्हणाले, "नको. तुझा हात कच्चा."

मग साखर. पाच मिनिटं. गार पाणी. धुणं. पुन्हा धुणं. मशीनमध्ये नळ्या गेल्या आणि मशीन टिकटिक करू लागलं. मशीनला कुणाच्या पदवीची घाई नव्हती.

बाईंनी आकडे मोठ्याने वाचले. "थोरली, नऊ हजार चारशे. मधली, आठ हजार शंभर. धाकटी, तीनशे दहा. जावई, दोनशे नव्वद."

सरांचा चेहरा उजळला. "बघा मॅडम. धाकटी आणि जावई. साखर दारातच अडली. हे माझं औषध."

"दोन्हींत?"

"दोन्हींत. बारा वर्षांचा अनुभव आहे. थोरली आणि मधलीत औषध नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

"मामा," बाई म्हणाल्या.

मामांनी खिशाचं बटण काढलं. चष्मा शोधला, तो डोक्यावर निघाला. कागद लांब धरला. "थोरली : नुसतं द्रव. मधली : औषध. धाकटी : नुसतं द्रव. जावई : औषध."

बाईंनी कागद मामांच्या हातून घेतला आणि स्वतः एकदा वाचला.

"मधलीत औषध होतं," बाई सावकाश म्हणाल्या, "तरी साखर आत गेली. किंचित कमी, पण गेली. धाकटीत औषधाचा थेंब नाही आणि साखर गेली नाही."

"एका आजारी बाईच्या पेशी आहेत त्या," सर म्हणाले. "त्यांच्यावरून काय ठरवणार?"

"येत्या सोमवारी त्याच आजारी बाईला औषध देणार होतात, सर," बारकी म्हणाली. "सात नंबर."

सरांनी कोटाची न लागणारी बटणं पुन्हा ओढून बघितली.

"ही बर्फाची पायरी मुळात आली कुठून?" बाईंनी विचारलं.

"औषध उष्णतेने..."

"दाढेमुळे," मामा म्हणाले.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"सरांची दाढ सुजली होती त्या दिवशी," मामा म्हणाले. "उजवी. हा एवढा गाल. मी खालून ट्रे भरून बर्फ आणला, शेकायला... म्हणजे गार शेकायला. सर एका हाताने गालाला बर्फ लावत होते, दुसऱ्या हाताने नळ्या भरत होते. औषधाच्या भरून झाल्या आणि कळ आली. मग म्हणाले, मामा, या खराब होतील, आणि खोचल्या त्याच बर्फात. गेले दंतवैद्याकडे. परत आले, साखर दिली, आकडा असा आला की दाढ विसरले."

"हे आधी का नाही सांगितलंत कुणाला?" बारकीचा आवाज चिरकला.

"काचसामान धुणाऱ्याला काचसामानाबद्दल विचारतात, पोरी. ते मी नेहमी खरं सांगितलंय."

बाई खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. पण चेहरा त्यांनी सभ्य ठेवला. मग पेन ठेवून म्हणाल्या, "हे पान प्रबंधात राहणार."

"मग माझी सही नाही," सर म्हणाले. आवाज मऊच होता, पण बाळ म्हणायचं राहून गेलं होतं.

बारकीने प्रबंध उचलून छातीशी धरला. पाच वर्षं, एकशे चाळीस पानं; वजन साधारण एका तान्ह्या मुलाइतकं. ती स्टुलावरून उतरली आणि जमिनीवर उभी राहून, मान वर करून म्हणाली, "नका करू, सर. पदवी मी सहा महिन्यांनी घेईन, दुसऱ्या कोणाच्या सहीने घेईन, नाहीतर घेणारच नाही. पान निघणार नाही."

"माझा अहवाल मी माझ्या सहीने पाठवते," बाई म्हणाल्या. "तो कुठे अडवायचा ते तुमच्या लोकांनी बघावं. आणि औषधाला परवानगी देणाऱ्या समितीला मी आत्ताच फोन करते. सोमवार थांबवावा लागेल." त्यांनी पिशवीत हात घातला आणि फोन शोधू लागल्या. पिशवी मोठी होती. आधी घड्याळ हाती लागलं.

सरांच्या लक्षात आलं, की समितीचा नंबर आपल्या केबिनमध्येही आहे, आणि आपण आधी फोन केला तर गोष्ट आधी आपल्या तोंडून जाईल. ते उठले आणि इतिहासाच्या कोटातच तडक बाहेर पडले.

केबिन दाराच्या पलीकडे होती.

पलीकडच्या बाकावर आत्या बसली होती. मांडीवर पाकीट, पाकिटावर दोन्ही हात. तिने बघितलं, एक पांढरा कोट लगबगीने आला, दाराशी थांबला आणि मूठ धरली. मूठ फिरली नाही. कोटाने ती दोन्ही हातांनी धरली. दहा मिनिटं बर्फात राहिलेली बोटं लाकडासारखी झाली होती. पितळ त्यांच्यातून नुसतं निसटत होतं. दाराला बिचाऱ्याला काहीही झालेलं नव्हतं.

"फिरत नाही ना?" आत्याने बसल्या जागेवरून विचारलं. "मलाही फिरली नव्हती. जरा वेळ हात काखेत धरा."

सरांनी दीड फूट जागेकडे पाहिलं. मग मुठीकडे पाहिलं. परत मुठीला भिडले.

तेवढ्यात बारकी बाहेर आली. दाराशी आली, थांबली नाही. डावीकडे वळली, प्रबंध छातीशी घट्ट धरला आणि मोकळ्या जागेतून सरळ पलीकडे गेली. तिला तर खांदाही तिरका करावा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा उंची-जाडीचा उपयोग झाला होता.

"सर," ती पलीकडून म्हणाली, "बाजूनं या."

सर आले नाहीत. तिच्यामागून परीक्षक बाई आल्या, कानाला फोन, "हो, सोमवारचंच म्हणतेय मी," असं बोलत, बाजूने. त्यांच्यामागून मामा आले, हातात धुवायच्या नळ्यांचा ट्रे. त्यांनी दाराकडे आदराने पाहिलं, पोट आत ओढलं आणि बाजूने गेले. एकतीस वर्षांचं पोट होतं, थोडं घासलं.

"काय झालं मग?" आत्या उठत म्हणाली. "माझ्या पेशींचं?"

"औषधाला भीक घातली नाही त्यांनी. आडवाटेने साखर खाल्ली."

"शाब्बास." आत्याने स्वतःच्या दंडावर थोपटलं. "आणि तुझी पदवी?"

"लटकली."

"लटकू दे. पान?"

"आहे."

आत्याने सुजलेलं बोट पुढे केलं आणि पान दाखव अशी खूण केली. बारकीने प्रबंध उघडून धरला. आत्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही, आलेखाचे चार खांब दिसले, दोन उंच आणि दोन बुटके. तिने ते कापडाचा पोत तपासावा तसे अंगठ्याने चाचपले.

"शिवण सरळ आहे," ती म्हणाली. "चल."

दोघी जिन्याकडे निघाल्या. मागे पितळेची मूठ खुडखुड वाजत होती. पहिल्या वळणापर्यंत वाजत होती. पुढे एवढ्यासाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता, उरलेल्या अकरा जणांना निरोप द्यायचा होता.